शाळेकडे पाठ करून बसलेली गुणाबाई

गावाचं नाव मी सांगणार नाही. किन्हवली सोडून डोळखांबच्या अंगाला आत वळलं की आमचं गाव लागतं, एवढं पुरे. शाळेचं नाव तर नाहीच. हल्ली आमच्याकडे जमिनीबद्दल नुसतं बोललं तरी दुसऱ्या दिवशी पांढऱ्या गाडीतून दोन माणसं उतरतात, हवा काय छान आहे म्हणतात आणि सातबारा कोणाच्या नावावर आहे ते विचारतात. हे वाचणारे तुम्ही कोण, हे तरी मला कुठे ठाऊक आहे?

मी याच शाळेत शिकले आणि आता इथेच मराठी शिकवते. मुलं मला संघरत्ना मॅडम म्हणतात. स्वभाव संशयी आहे असं माझ्या मागे बोलतात, आणि ते खरं आहे. पण गुणाबाईपुढे मी अगदीच भोळी.

गुणाबाई म्हणजे शाळेच्या मैदानाच्या कडेला, चिंचेच्या मुळीवर बसणारी म्हातारी. सकाळी परिपाठाला मुलं रांगेत उभी राहायच्या आधीच ती तिथे येऊन बसलेली असे. हातात काठी, दातांना मिश्री, आणि शाळेकडे पाठ. राष्ट्रगीत चालू असलं की काठीवर भार देऊन उठून उभी राही, तेही पाठ करूनच. नवीन शिक्षकांना हे फार लागायचं. आमचे हेडसर तर म्हणायचे, ‘‘काय अपमान आहे हा? आपण काय तिचं घोडं मारलंय?’’

तिचा विश्वास कशावरच नव्हता. शाळेचं शौचालय बांधायला गवंडी आले, तेव्हा तिने एवढा खोल खड्डा कशाला म्हणून त्यांना दिवसभर पिडलं. गोळ्या वाटायला आलेल्या नर्सबाईला आधी स्वतः एक गोळी खायला लावली. मोजणीवाले रस्त्याने नुसते निघाले होते, तर ही त्यांच्या मागे पार नाल्यापर्यंत गेली. रेशनच्या दुकानात मशिनवर अंगठा ठेवायला ती कधीच तयार झाली नाही. दुकानदार हात जोडायचा, ‘‘आजी, तांदूळ तुमचाच हाय, निस्ता अंगठा लावा.’’ ही म्हणायची, ‘‘तांदूळ ठेव तुझ्याजवल. अंगठा नाय मिलायचा.’’ शेवटी नात पूजा जाऊन स्वतःचा अंगठा लावायची आणि धान्य आणायची.

अशी ही बाई आमच्या शाळेच्या जन्माच्या वेळी हजर होती, किंबहुना शाळा जन्मली तीच तिच्या दारात.

पन्नास वर्षांपूर्वी इथे हायस्कूल नव्हतं. सातवी झाली की मुलं गुरांमागे जात. गावाने शाळा मागून आणली, मास्तरही मिळाले, पण बसायला जागा नव्हती. तेव्हा गुणाबाईच्या नवऱ्याने, देवरामने, आपला गोठा रिकामा करून दिला. बैल बाहेर झाडाखाली आणि आठवीचा वर्ग आत. पुढे वर्ग वाढले तशा गावाने कुडाच्या भिंती घातल्या, मग विटांच्या खोल्या आल्या, अनुदान आलं. खेळायला मात्र एकच सपाट जागा होती, देवरामचं खळं. भात झोडायची ती भलीमोठी, ठोकून ठोकून सिमेंटसारखी झालेली जमीन.

देवरामने तीही तोंडी देऊन टाकली. अट एवढीच, की दिवाळीनंतर झोडणीचे दिवस खळं शेतकऱ्यांचं, बाकी सालभर पोरांचं. दुसरी अट गुणाबाईने घातली. तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली होती, की खळ्यासारख्या जागेवर आता सगळ्या वाड्यांची पोरं पाय देणार. आमच्या बौद्धवाड्याकडे बघूनच बोलत होते ते. गुणाबाई भर बैठकीत म्हणाली, ‘‘चपला काढून या म्हणावं पोरांना. बाकी मला काय बघायचं नाय.’’ माझे वडील पहिल्या बॅचचे. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मला ती पाठ आहे.

तेव्हापासून आमच्या शाळेची ती रीतच पडली. मैदानात उतरताना चपला चिंचेखाली. आठवीत नवा आलेला मुलगा चपला घालून धावला तर दहावीची मुलं त्याच्या कानाला धरून बाहेर आणतात. आम्ही खो-खो शिकलो अनवाणी, आणि तालुक्याच्या स्पर्धेत शहापूरच्या मुलींच्या पायांत बूट बघून हसलो होतो. झोडणीच्या दिवसांत वर्ग चालू असताना बाहेरून भारे आपटल्याचा धपधप आवाज यायचा. मधल्या सुट्टीत आम्ही पेंढ्यात लोळायचो आणि गणिताच्या तासाला सगळा वर्ग खाजवत बसायचा. दुसरी रीत निरोप समारंभाची. प्रत्येक दहावीची बॅच जाताना शाळेला काहीतरी भेट देते आणि त्यावर रंगाने ‘सप्रेम भेट’ आणि साल लिहिते. बहुतेकांना भिंतीवरच्या घड्याळापलीकडे काही सुचत नाही. आमच्या ऑफिसात घड्याळांची एवढी गर्दी आहे, आणि त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नाही.

हळूहळू झोडणी मशिनवर गेली. लोक शेतातच भात काढायला लागले. मग शेतंही गेली. गावाभोवती तारेची कुंपणं आली, आत गुलाबाची कलमं आणि बाहेर ‘सेकंड होम’चे बोर्ड. खळ्यावर येणारी राहिली फक्त गुणाबाई. घरामागच्या पट्ट्यात ती थोडं भात लावायची. दिवाळीनंतर डोक्यावर एकच भारा घेऊन मैदानात यायची. मधोमध एक गोल शेणाने सारवायची, दिवा लावायची, नारळ फोडायची, आणि त्या एका भाऱ्याची झोडणी करायची. मुलं भोवती उभी राहून बघायची. एका भाऱ्यासाठी एवढा थाट म्हणून हसायचीही.

हेडसर हसत नव्हते. ते बाहेरचे, इथे येऊन त्यांना दोन-तीन वर्षंच झालेली. त्यांनी सातबारा पाहिला होता. मैदान अजून देवरामच्याच घराच्या नावावर होतं. मीटिंगमध्ये आवाज खाली आणून त्यांनी आम्हाला समजावलं, ‘‘ही बाई वहिवाट राखतेय. दरवर्षी झोडते, म्हणजे जागा आमच्या ताब्यात आहे असं उद्या कोर्टात सांगायला मोकळी. सावध राहा.’’ सगळ्यांना ते पटलं. रोज पाळत ठेवून बसते ती उगाच का?

त्यामानाने तिचा मुलगा अनिल सगळ्यांचा लाडका. तो माझ्याच वर्गातला. आता जमिनीचे व्यवहार करतो, आम्ही ‘साइटवाला अनिल’ म्हणतो. गळ्यात जाड चेन, ऑफिसच्या भिंतीवर सगळ्या देवांचे फोटो, गाडीला लिंबू-मिरची, आणि बोलणं असं गोड की समोरच्याला साखर झाली पाहिजे. खो-खोच्या मुलींना त्याने टी-शर्ट दिले. पूजा त्याचीच मुलगी, गेल्या वर्षी दहावीला होती आणि संघाची कॅप्टन. अनिल शाळेत आला की म्हणायचा, ‘‘मॅडम, आईचं मनावर घेऊ नका. शाळेची जागा ती शाळेचीच.’’ स्टाफरूममध्ये सगळे हळहळायचे, आई अशी आणि पोरगा बघा!

मला गोड माणसांचा संशय येतो. पण खरं सांगते, तेव्हा मला त्याचा नाही, हेडसरांचाच आला.

झालं असं, की गेल्या वर्षी शाळेला पन्नास वर्षं झाली. सुवर्णमहोत्सव करायचा ठरलं. अनिल स्वतःहून पुढे आला. मंडप, स्टेज, खुर्च्या, लाल गालिचा, सगळं माझ्याकडून, म्हणाला. तारीखही त्यानेच सुचवली, दिवाळीची सुट्टी संपल्याबरोबर. मंडप नंतर काही दिवस राहू द्या, म्हणाला, सोडायला माणसं मिळत नाहीत. हेडसर एवढे खूश झाले की लगेच अनिलच्या गाडीतून मुरबाडला जाऊन मंडपवाल्याला भेटून आले. मी गेटवर उभी राहून ती गाडी जाताना पाहिली. त्याच महिन्यात हेडसरांनी नवी मोटारसायकल घेतली होती. मी मनाशी हिशेब जुळवून टाकला. म्हटलं, हे दोघं मिळून मैदान खाणार.

मंडपाचे बांबू मैदानात येऊन पडले त्या दिवशी गुणाबाई पहिल्यांदा शाळेच्या ऑफिसात आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, ‘‘सर, माझा भारा झोडायचा हाय. एक कोपरा सोडा.’’

हेडसर म्हणाले, ‘‘आजी, यंदा कार्यक्रम आहे. यंदा नाही.’’

‘‘मांडवाच्या भाईर द्या जागा. जराशीच.’’

‘‘नाही म्हटलं ना!’’ ती गेल्यावर ते माझ्याकडे वळले. ‘‘पाहिलंत? एक वर्ष चुकलं तर वहिवाट तुटेल, म्हणून जीव जातोय तिचा.’’

मीही मान हलवली. पण मला दिसला होता तिचा चेहरा. जागा बळकावणाऱ्या बाईचा नव्हता तो.

दोन दिवसांनी खो-खोचा सराव चालला होता, मंडपाच्या बांबूंच्या मधूनच. पूजा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, आपले पोल काढून ठेवायला पायजेत.’’

‘‘का गं?’’

‘‘मांडव उठला की जेसीबी येणार. पप्पा फोनवर सांगत व्हते. मागच्या प्लॉटला रस्ता नाय ना, तो इथनं काढणार.’’ हे सांगताना ती मैदानाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. ‘‘आजीला म्हाईत हाय. आजी म्हणून तर बसते.’’

मी तशीच चिंचेकडे गेले. इतक्या वर्षांत मी गुणाबाईच्या पाठीशीच बोलत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या समोर जाऊन बसले. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘‘हेडसरनी धाडली का तुला?’’

‘‘नाही. पूजाने सांगितलं.’’

तिने काठी मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाली, ‘‘आमच्या घरची रीत हाय. खल्यावर भात पडलं, की पुढल्या सालच्या झोडणीपरयंत खलं इकायचं नाय, खणायचं नाय, त्याला कुदळ लावायची नाय. अनिल कशाला भीत नाय, पर ह्याला भितो. ल्हानपणी त्याच्या बापानं दिव्यासमोर हात जोडून शिकवलंय. दर साली मी एक भारा झोडते, आन तो दर साली दात खात ऱ्हातो. यंदा माझी झोडणी चुकावी म्हणून तर ह्यो मांडव.’’

‘‘पण आजी, तुम्ही सही दिली नाहीत तर तो विकेल कसं?’’

ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही. ‘‘धनी गेला त्या साली अनिल कागद घेऊन आला. वारसाची नोंद हाय म्हणला, लाव अंगठा. मी लावला. पोटचा पोर सांगतो, मग काय इचारायचं? नंतर कललं, मी माझा समदा हक सोडला व्हता. शेतं गेली ती तशीच गेली, गो. मला इचारायला कोन येल?’’

रेशनच्या मशिनसमोर मुठी आवळून उभी राहिलेली ही बाई माझ्या डोळ्यांपुढे आली. आम्ही सगळे त्यावर हसलो होतो.

मी म्हटलं, ‘‘मग तुम्ही आमच्यावर का पाळत ठेवून बसता?’’

‘‘तुमच्याव?’’ तिला खरंच नवल वाटलं. ‘‘तुमच्याकडं काय बघायचं? तुमच्याकडं तर पाठ करून बसते मी.’’ मग काठी उचलून तिने समोर दाखवलं. मी तिच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. चिंचेच्या मुळीवरून सरळ समोर तिचं स्वतःचं घर दिसत होतं. नवा रंग दिलेलं, खाली अनिलचं ऑफिस, दारात पांढऱ्या गाड्या. कोण आलं, कोण गेलं, कोणाला घेऊन अनिल बाहेर पडला, सगळं तिथून दिसत होतं. ‘‘चोर भाईरून आला तर मानूस वरडतो. घरातला असला, तर असं बसून ऱ्हावं लागतं.’’ एवढं बोलून तिने पदर तोंडावर घेतला. ती रडली. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

हेडसरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, ‘‘मॅडम, कार्यक्रम परवावर आलाय, आणि तुम्ही मुख्य देणगीदारावर संशय घेता?’’ तेव्हा माझी खात्री पटली की यांनी काही खाल्लेलं नाही. हे फक्त लाल गालिच्याला भुललेत. मला त्या माणसाचा राग आला आणि कीवही आली.

कार्यक्रमाला अख्खा परिसर लोटला. पहिल्या बॅचचे पिकल्या केसांचे विद्यार्थी आले, लग्न होऊन मुरबाडकडे गेलेल्या मुली आल्या. सगळे बूट-चपलांसकट गालिच्यावरून चालत होते, कारण खाली मैदान आहे हे दिसतच नव्हतं. अनिल स्टेजवर, नव्या बुटांत, पाहुण्यांच्या शेजारी. माझी ड्यूटी गेटवर होती, बॅज लावायची.

हेडसरांचं प्रास्ताविक चालू असताना गुणाबाई आली. डोक्यावर भारा, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने भारा सावरलेला. हेडसरांनी स्टेजवरूनच मला खूण केली, अडवा म्हणून. मी बॅजची थाळी उचलली आणि बाजूला झाले.

ती गालिच्यावरून सरळ चालत गेली. लोकांना वाटलं, संयोजकांनी काहीतरी योजलंय, जुन्या काळाचा देखावा वगैरे. काहींनी टाळ्याही वाजवल्या. स्टेजच्या पायरीशी ती थांबली. काठी टाकली. भारा सोडून त्याची पेंढी दोन्ही हातांनी धरली, डोक्यावर नेली आणि पायरीच्या कडेवर आपटली. माइक जवळच होता. ती धप सगळ्या मंडपात घुमली आणि भाताचे दाणे लाल गालिच्यावर उडाले. तिने पुन्हा आपटली, पुन्हा. दिवा नव्हता, नारळ नव्हता, सारवण नव्हतं. म्हातारी धापा टाकत होती, पण थांबत नव्हती.

टाळ्या बंद झाल्या. पुढच्या रांगेत माझे वडील बसले होते. ते वाकले आणि त्यांनी चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या. शेजारच्याने काढल्या. मग मागच्या रांगेने. कोणी कोणाला सांगत नव्हतं. खळ्यावर भात पडलंय आणि आपल्या पायांत चपला आहेत, एवढंच त्यांना दिसलं. बायकांनी काढल्या, पोरांनी काढल्या. पाहुणे गोंधळून इकडेतिकडे बघू लागले आणि त्यांनीही आपले सँडल सोडले. हेडसरांनी बूट काढले तेव्हा त्यांच्या मोज्याला भोक होतं.

आता स्टेजवर एकाच्याच पायांत बूट राहिले. सगळा मंडप अनिलच्या पायांकडे बघत होता. तो दाण्यांकडे बघत होता. मग तो खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागला. गाठ सुटेना. पूजा खो-खोच्या मुलींमधून उठली, अनवाणीच होती ती, वर गेली आणि तिने बापाच्या बुटांची गाठ सोडून दिली. गुणाबाईने पेंढी खाली ठेवली. ‘‘झालं यंदाचं,’’ म्हणाली, आणि काठी शोधायला लागली.

जेसीबी आला नाही. अनिलने भागीदारांना काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मैदान शाळेच्या नावावर लिहून द्या, अशी विनंती कमिटीने केली, तर तो गोड हसून ‘‘बघू ना’’ म्हणाला. तेव्हापासून मी त्याच्यावर जास्तच लक्ष ठेवून आहे. हेडसर आता गुणाबाईला रोज नमस्कार करतात, आणि या माणसाला अचानक काय झालं, म्हणून ती त्यांच्याकडे संशयाने बघते.

फेब्रुवारीत पूजाच्या बॅचचा निरोप समारंभ झाला. या मुलांनी घड्याळ दिलं नाही. चिंचेखाली सिमेंटचा बाक दिला, पाठीवर ‘सप्रेम भेट’ आणि साल. गवंड्याने तो मैदानाकडे तोंड करून मांडला होता, खेळ बघायला. गुणाबाई आली, बाकाभोवती एक फेरी मारली आणि गवंड्याला म्हणाली, ‘‘फिरव.’’ त्याने कटकट केली, पण फिरवला आणि सिमेंटात पक्का बसवला. आता तो हलायचा नाही.

पूजा हल्ली शहापूरला कॉलेजला जाते. संध्याकाळी एसटीतून उतरली की घरी न जाता आधी चिंचेखाली येते, चपला काढते आणि आजीच्या शेजारी बसते. दोघी फार बोलत नाहीत. अनिलची गाडी वळणावर दिसली की दोघींची मान एकदमच उचलली जाते. आई म्हातारी आहे, आज ना उद्या जाईल, हे त्याने कधीच हिशेबात धरलं असेल. पण तिच्या शेजारी रोज त्याची लेक बसलेली असते आणि तिच्यासमोरूनच त्याला घरात शिरावं लागतं.